वादाईचा आवाज

दूर उत्तरेत सुंगारी नदी गोठली, की तिच्या काठच्या जुर्चेन टोळ्यांकडे सम्राटाची माणसं येत, शिकारीचे पांढरे ससाणे मागायला. त्या हिवाळ्यात टोळीनायक सिलेबूने स्वतःचाच मुलगा, वादाई, ससाणे धरायला कड्यावर पाठवला. दुसऱ्याच्या पोराला मरणाच्या तोंडी द्यायचं नाही, असा त्याचा बाणा. पाचव्या दिवशी वादाईचा घोडा एकटाच परत आला.

सिलेबू भारी हट्टी. देह शोधायलाही थांबला नाही. सुरीने स्वतःचं कपाळ चिरलं. त्यांच्यात मेलेल्यासाठी असंच रडतात, रक्त आणि आसवं एक होईस्तोवर. मग बायकोनं, नियाहूनंही चिरून घेतलं. वादाईचं धनुष्य जाळलं, त्याच्या वाटणीचं जेवण जाळलं. एवढं झालं की माणूस गेला. त्याला पुन्हा घरात घेत नाहीत.

नवव्या दिवशी, दिवेलागणीला, बर्फ भुरभुरत असताना दार वाजलं.

"आई... दार उघड गं. गारठलोय."

नियाहू ताडकन उठली. सिलेबूने तिचा हात धरला.

"बस खाली. तो नाही तो."

"अहो, आवाज त्याचाच आहे."

"रक्त वाहिलंय आपण त्याच्यासाठी. आता जे येईल ते आपलं नाही."

"देह पाहिला होतात का तुम्ही? घाई केलीत... नेहमीसारखी."

सिलेबूने नजर वळवली. हात मात्र सोडला नाही. बाहेर पोर आधी रडलं, मग कण्हलं, मग नुसतं नखांनी लाकूड खरवडत राहिलं. नियाहूनं तोंडात बाही कोंबली.

उजाडलं तेव्हा वादाई उंबऱ्याशी आडवा पडला होता. गोठून लाकूड झालेला, नखं तुटलेली.

"तुम्ही मारलंत," नियाहू म्हणाली. पुन्हा बोललीच नाही.

सिलेबूने रीतभात गुंडाळून ठेवली. पोराला उचलून आत आणलं, झोपायच्या ओट्यावर निजवलं, ओट्याखालच्या चुलीत जाळ घातला. दिवसभर त्याचे पाय चोळत, लहान मुलासारखा रडत बसला.

तिन्हीसांजेला दार वाजलं.

नियाहू जागची हलली नाही. सिलेबूच धडपडत धावला, अडसर काढला. बाहेर कोणी दिसेना.

"ये रे बाळा... चुकलो मी. ये, आत ये."

अंधारातून वादाईचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा... ओट्यावर कोणाला निजवलंय तुम्ही?"