भरलेली बाटली

सकाळी सव्वानऊला आयसीयूतला फोन वाजला. पलीकडे प्रयोगशाळेच्या डॉ. मृणालिनी होत्या.

"सुगंधा, चौथी केस. अक्षता राणे. रक्तात तोच जंतू."

सुगंधा परब मुलुंडच्या त्या चाळीस खाटांच्या इस्पितळात संसर्ग-नियंत्रणाची सिस्टर होती. रुग्ण जो आजार घेऊन आलेला नाही तो त्याला इथे लागू नये, हे तिचं काम. आणि तीन आठवड्यांत चौघांना लागला होता. त्यांतले मार्तंडकाका पेडणेकर गेले. भांडुपची अक्षता, सव्वीस वर्षांची शिक्षिका, फुटलेलं अपेंडिक्स घेऊन आली होती. आता ती तापाने फणफणली होती.

सुगंधा अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेली, तेव्हा डॉ. देवव्रत निर्णय घेऊन बसले होते. शेजारी आयसीयूचे प्रमुख डॉ. जयवंत सबनीस.

"मालनला काढतोय," अधीक्षक म्हणाले. "लादी नीट पुसत नाही. चारही रुग्ण तिच्या पाळीत होते."

"सर, चारही रुग्ण सबनीस सरांच्याही पाळीत होते."

"सिस्टर, जरा जपून बोला," सबनीस म्हणाले.

"जपूनच बोलतेय. शनिवार दुपारपर्यंत थांबा. मी चुकले तर तिच्यासोबत मलाही काढा."

मालन मावशी जिन्याखाली बसल्या होत्या. अकरा वर्षांची नोकरी, आणि रडणं सोडाच, त्या धुमसत होत्या.

"मी काय केलंय गो, सिस्टर? लादी पुसून माणूस मरता?"

"नाही मरत, मावशी. हा जंतू कोरड्या लादीवर टिकत नाही. त्याला ओल लागते. आयसीयूत रुग्णाच्या अंगाला ओलं असं काय काय लागतं?"

"स्पंजिंगचं पाणी. पण ते सगळ्यांनाच." मावशी थांबल्या. "आणि ती जेली. मानेत नळी घालताना सोनोग्राफीचं मशीन लावतात ना, त्याची. नंतर मान मीच पुसते."

"जेलीची बाटली संपली की नवी काढतात?"

"नवी कसली! संपायच्या आधीच मोठ्या कॅनमधून भरतात. गेल्या शनिवारीच भरली. मी म्हटलं, धुवून देते, तर सबनीस साहेब ओरडले. तुझं काम कर, म्हणाले."

सुगंधाने फाईली काढल्या. चौघांच्याही मानेतल्या मोठ्या शिरेत नळी होती, चौघांचीही सोनोग्राफी लावून घातलेली. धागा सापडला, असं तिला वाटलं आणि लगेच तो तुटला. गेल्या आठवड्यात, मंगळवारी, तिने स्वतः आयसीयूतल्या इतर ओल्या वस्तूंबरोबर त्या बाटलीतल्या जेलीचाही नमुना घेतला होता. रिपोर्ट स्वच्छ आला होता.

मग फाईलींतच तिला आणखी एक गोष्ट दिसली. त्या मंगळवारनंतर, बुधवारी आणि गुरुवारी, आणखी दोघांना तशीच नळी घातली होती. दोघेही ठणठणीत होते. अक्षताला घातली रविवारी.

नमुना घेताना तिने मोबाईलवर फोटो काढला होता. तो तिने मोठा करून पाहिला. बाटली तोंडापर्यंत भरलेली होती. रजिस्टर म्हणत होतं, त्याआधीच्या चार दिवसांत मशीन अकरा वेळा वापरलं होतं.

तिने साठ्याचं कपाट उघडलं. नळी घालताना जेलीची निर्जंतुक पाकिटंच वापरायची, हा नियम तिनेच लिहिला होता. पाकिटांचा खोका होता, आठ महिन्यांपूर्वी आलेला. त्याचं सील शाबूत होतं.

या वेळी तिने कुणाची परवानगी मागितली नाही. डॉ. मृणालिनींना बोलावून बाटली आणि कॅन दोन्हींचे नमुने घेतले, त्यांवर दोघींच्या सह्या केल्या आणि त्या जेलीचा वापर तिथल्या तिथे बंद केला.

शनिवारी दुपारी केबिनमध्ये सगळे जमले. मालन मावशींना सुगंधाने हट्टाने खुर्ची दिली.

"जंतू कॅनमध्ये सापडला," डॉ. मृणालिनींनी कागद पुढे केला. "बाटलीतही. चौघांच्या रक्तात होता तोच."

"पण बाटली तर स्वच्छ होती ना?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी तपासली ती स्वच्छ होती," सुगंधा म्हणाली. "कारण ती कोरी होती. अकरा वेळा वापरलेली बाटली तोंडापर्यंत भरलेली कशी असेल? कॅनमधून भरली असती तर तिच्यात जंतू सापडला असता. मी येण्याआधी कुणीतरी ती बदलली. कंपनीतून आलेली सीलबंद बाटली ठेवली. म्हणून पुढचे दोन रुग्ण वाचले. शनिवारी तीच बाटली कॅनमधून भरली गेली आणि रविवारी अक्षताच्या मानेला लागली."

"बदलली कुणी?"

"मी नमुना घेणार हे एकाच माणसाला माहीत होतं. मी परवानगी त्याच्याकडेच मागितली होती. पाकिटं फाडत बसायला वेळ नाही, म्हणून खोका बंद ठेवायला लावणाराही तोच." तिने मान वळवली. "सबनीस सर, तिसऱ्या रुग्णानंतरच तुमच्या लक्षात आलं होतं. हो ना?"

"हा निव्वळ तर्क आहे," सबनीस म्हणाले. "बाटली फेकल्यावर मी..."

ते थांबले.

"फेकली, असं मी कुठे म्हटलं, सर? मी बदलली म्हटलं."

सबनीसांनी चष्मा काढला. "मला वाटलं, बाटली गेली की संपलं. कॅनचं डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर मी त्याच दिवशी कॅन तपासला असता. अक्षता आजारी पडली नसती. आणि तुम्ही ह्या बाईंचं नाव पुढे जाऊ दिलंत."

मालन मावशी उठल्या. "अकरा वर्षं तुमच्या आयसीयूची घाण काढली, साहेब," त्या म्हणाल्या. "ही नाही काढणार. ही तुमची."

अधीक्षक खाकरले. "मालनबाई, सोमवारपासून कामावर या. सबनीस, तुम्ही आजपासून आयसीयूत यायचं नाही. चौकशी होईल. पण सिस्टर, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. इस्पितळाचं नाव आहे."

"मार्तंडकाकांनाही नाव होतं, सर. त्यांच्या घरी मी संध्याकाळी जातेय. बाकीच्यांनाही सांगणार."

"मी परवानगी देत नाही."

"मी मागितलीही नाही."

आयसीयूबाहेरच्या बाकावर अक्षताची आई, सुहासिनीबाई, बसल्या होत्या. बदललेल्या औषधाने अक्षताचा ताप सकाळपासून उतरू लागला होता. ते त्यांना कळलं होतं. तो चढला कशामुळे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सुगंधा त्यांच्या शेजारी बसली. दुसऱ्या बाजूला मालन मावशी येऊन टेकल्या.

"तुमच्या मुलीला हा आजार इथे लागला," सुगंधा म्हणाली. "आमच्यामुळे."

सुहासिनीबाईंनी पिशवीतून पेन आणि लेकीची शाळेची डायरी काढली आणि कोरं पान उघडलं.

"पहिल्या दिवसापासून सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी लिहून घेते."