एका छापाची दोन झाडं

आष्टीच्या बाजारओळीतल्या त्या घरात शिरलं, की समोरच्या भिंतीवर आधी दिसायचं ज्योत्स्नाचं डाळिंबाचं झाड. जाड मॅटीच्या कापडावर लोकरीनं भरलेलं, काचेच्या चौकटीत मागून खिळे ठोकून बंद केलेलं. दोन राघू, पाच डाळिंबं आणि कोपऱ्यात तिचं नाव. अठरा वर्षांपूर्वी ते तिच्या रुखवतात मांडलं होतं, तेव्हा बायका नवरीला सोडून त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या. ही हकिगत ती सांगू लागली, की नेहमीचे पाहुणे घाईनं चहा संपवत.

आता नणंदेचं, सुरभीचं लग्न होतं. रुखवतासाठी धाकट्या जावेनं, रक्षानं, त्याच झाडाचा बटरपेपरवरचा छाप मागितला. ज्योत्स्नानं हसत दिला. तिला काय जमतंय, असं मनात होतंच.

पण जमलं. नको तितकं जमलं.

"पाय वं ज्योत्स्ना," सासू रुख्मिणीबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "राघू आता बोलते का काय! लग्न झालं का सुरभीसंगं न धाडता हेच लावू समोर. तुयं पार विटून गेलं."

ज्योत्स्ना नुसतं हसली. मूलबाळ नाही, माहेर उरलं नाही. या घरात तिचं म्हणून काही होतं, तर ती एवढी भिंत.

दुपारी कूलरच्या घरघरीत सगळे निजले, तेव्हा तिनं रक्षाच्या कापडावरचा डावीकडचा राघू टाका टाका करून उसवला. लोकर कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबली.

संध्याकाळी रक्षा भरायला बसली. ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून कान देऊन होती. रडारड नाही की ओरडा नाही.

"ताई, इकडे या नं," रक्षा म्हणाली. "हा हिरवा पहा. असा विटका रंग मी घेतलाच नव्हता."

उसवलेला राघू जागेवर होता, चोचीसकट. पंखाच्या टोकाला एक टाका उलटा पडला होता. तो टाका ज्योत्स्नाच्या ओळखीचा होता. तिनं मान वर केली. भिंतीवरच्या काचेआड डावीकडचा राघू नव्हता. तिथं फक्त सुईची भोकं होती. चौकटीमागं डोकावून पाहिलं, तर गंजके खिळे जागचे हललेले नव्हते.

कसर लागली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण एका राघूपुरती कसर तिनं कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दुपारी तिनं एक डाळिंब उसवलं. संध्याकाळी भिंतीवरचं डाळिंब गेलं, आणि रक्षाच्या कापडावर जुनं, फिकट लाल डाळिंब आलं.

तिला भीती वाटली. रात्रभर वाटली. सकाळी शेजारणी येऊन रक्षाचे हात हातात घेऊन कौतुक करू लागल्या, आणि भीती कुठल्या कुठे गेली. ती तर माझी लोकर, माझा राघू! कौतुक मात्र हिचं.

मग असंच सही, तिनं ठरवलं. भिंतीवर लागेल ते झाड आपलंच असेल.

रोज दुपारी थोडं थोडं. पानं, फांद्या, दुसरा राघू. रक्षा रंगांवरून कुरकुरायची. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे वं, जुन्या वाणाचं चांगलं दिसते." भिंतीवरचं कापड कोरं होत गेलं. त्याकडं कुणी पाहतही नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी फक्त नाव उरलं.

कोपऱ्यातली 'रक्षा' ही अक्षरं उसवताना तिचा हात एकदाही अडला नाही.

संध्याकाळी रुखवताची मांडामांड सुरू झाली. ती दारात येऊन उभी राहिली. दिव्याखाली झाड झळकत होतं. कोपऱ्यात, तिच्याच अक्षरात, ज्योत्स्ना.

तिचा ऊर भरून आला.

"ज्योत्स्ना, इकडे ये वं!" सासूबाईंनी हाक मारली.

ती पुढं झाली.

"आली जी," म्हणत रक्षा उठली.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं.

"या नं बाई, बसा. तुमी कोनाकडच्या?"

दारातल्या बाईनं नाव सांगायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मग ती भिंतीकडं वळली, आणि कोऱ्या कापडावरची कोपऱ्यातली भोकं काचेवरून बोट फिरवत वाचू लागली.

पहिलंच अक्षर लागेना.