वाडग्यावरचं राहिलेलं पान

खिडकी लावून घे रे, वारा येतोय. आणि तू, तो मोबाइल उलटा ठेव. भुताबिताचं नाव काढलं की तुम्हाला हसू येतं, ठाऊक आहे मला. हसा. पण ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या दोस्ताची आहे. त्यानं ती मला सांगितली तेव्हा त्याच्या हातातला चहा पार गार होऊन गेला होता, आणि तो माणूस चहा गार होऊ देणाऱ्यातला नव्हता.

जुन्या काचसामानाची पारख करणं हा त्याचा धंदा. भांडं कोणी केलं, कधी केलं, अस्सल की नकली, हे तो सांगायचा. कुठलीही काच समोर आली की आधी काठावर टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा, ही त्याची खोड. पाहुणा म्हणून गेला तरी पाण्याच्या ग्लासाला सोडायचा नाही. म्हणून आम्ही त्याला टिचकीच म्हणायचो. बायकोसुद्धा म्हणायची, चिडली की.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी त्याला घरी बोलावलं होतं. हातातली कामं उरकून तो पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. अरुंद गल्ली, दुमजली घर. वरच्या मजल्यावर बाईंची आई कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली. खाली एक खोली होती, ती बाईंच्या वडिलांची. ते काचेवर नक्षी कोरायचे. त्यांचं पायानं चालवायचं यंत्र अजून कोपऱ्यात होतं, वर चादर टाकलेली.

बाईंनी टेबलावर एक वाडगा ठेवला. काचेचा, ओंजळीएवढा, भोवती वेल कोरलेली.

"माझ्या मामेभावाला जुन्या बाजारात मिळाला," त्या म्हणाल्या. "हा अण्णांच्या हातचा आहे का तेवढं सांगा. आणि कधीचा आहे ते."

या 'कधीचा'ला कारण होतं. बाई लहान असताना अण्णा एका संध्याकाळी गिऱ्हाईकाला नमुना दाखवून येतो म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. नदीकाठी त्यांची एक चप्पल सापडली, बस्स. कोणी म्हणालं बुडाले. कोणी म्हणालं लांब कुठेतरी दुसरा संसार थाटला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

"आई आजवर रात्री दाराला कडी लावू देत नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला जाण्याआधी कळायला हवं. नदीत गेले, की आम्हाला टाकून गेले."

"आणि टाकून गेले असं निघालं तर?"

"तर निदान मला त्यांचा राग तरी नीट करता येईल," बाई म्हणाल्या आणि वर आईजवळ गेल्या.

टिचकीनं दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. हात ओळखायला वेळ लागला नाही. वेलीच्या पानांचे सगळे फटकारे उलट्या बाजूनं आलेले, म्हणजे माणूस डावखुरा. अण्णा डावखुरे होते. मग त्यानं बाईंनी ताडून बघायला काढून ठेवलेली घरातली बशी शेजारी घेतली. अण्णांनी जाण्याच्या आठवड्यात कोरलेली. तिच्यावरच्या प्रत्येक शिरेला लागून केसासारखी एक जास्तीची रेघ होती. वाडग्यावरही होती. तीच.

तो उठला. यंत्रावरची चादर उचलली. कोरायची तांब्याची चकती जागेवरच होती, कोरडी, काळवंडलेली. तिच्या कडेला एक बारीक खाच. ती जास्तीची रेघ या खाचेनं उमटत होती.

टिचकीचा जीव भांड्यात पडला. ही चकती या घराबाहेर कधी गेलीच नव्हती. म्हणजे वाडगा याच खोलीत कोरलेला, अण्णा जाण्याआधी. तोच ते नमुना म्हणून घेऊन निघाले असणार. एक पान तर राहूनच गेलं होतं. कडा कोरलेली, आत एकही शीर नाही, कोरंच. अर्धं काम टाकून कोणी पळून जात नाही. निदान टिचकीला तसं वाटलं, आणि बाईंना हे सांगायला मिळणार म्हणून बरंही वाटलं.

आणि त्या समाधानात त्यानं सवयीनं काठावर टिचकी मारली.

नाद लांबला. फार लांबला. खोलीभर फिरला, जिन्यानं वर गेला.

वर पलंग करकरला.

मग पावलं. एक एक पायरी. सावकाश.

बाई असतील, त्याला वाटलं. दारात आई उभी होती. कित्येक महिन्यांत पाऊल न टेकलेली म्हातारी. केस मोकळे, डोळ्यांवर चष्मा, एका हातानं चौकट धरलेली.

"झालं का हो काम?" ती म्हणाली.

टिचकीनं तोंड उघडलं. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मागे बघत होती. कोपऱ्याकडे.

"टिचकी ऐकली आणि आले," ती म्हणाली. "काम संपलं की वाजवायचात ना तुम्ही... मी म्हटलं, आज वाजली..."

त्याच्या मागे यंत्राचा पायटा खाली गेला. एकदा. मग पुन्हा.

चकती फिरायला लागली... बारीक गुणगुण... तेलाचा वास...

त्यानं मान वळवली नाही. वळवता आली नाही. म्हातारी बघत राहिली. कौतुकानं. गुणगुण चालू राहिली... आणि थांबली.

मग काहीच नाही.

"आई!" जिन्यावरून बाई धावत आल्या. पलंगाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. त्यांनी आईला सावरलं, पायरीवर बसवलं. "तुम्ही उठवलंत हिला?" त्या टिचकीवर ओरडल्या. आणि मग, आवाज उतरवून, "कळलं का? कधीचा आहे?"

"जुना," टिचकी कसाबसा म्हणाला. "इथलाच. ते जाण्याआधीचा. टाकून नाही गेले, बाई."

म्हातारी हसली. "अहो, एक पान राहिलं होतं त्यांचं. आत्ता पुरं केलं."

टिचकीनं वाडग्याकडे पाहिलं. सगळी पानं भरलेली. एका पानाच्या शिरांमध्ये काचेची पांढरी पूड बसली होती. ओली.

दोघांनी मिळून आईला वर नेलं. आई नीट झोपली. बाई तिचा हात हातात घेऊन सकाळपर्यंत बसल्या. टिचकी दाराबाहेरच्या खुर्चीत बसून राहिला, खाली एकटं जायची त्याची छाती झाली नाही. उजाडता उजाडता आई गेली. शांतपणे.

चार दिवसांनी बाई त्याच्या दुकानात आल्या. आईचा चष्मा रुमालात गुंडाळून आणला होता. "हे कोणाचं, आणि कधीचं?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यानं भिंग लावलं. डाव्या काचेवर, आतल्या बाजूनं, डोळ्याच्या बाजूनं, एक इवलंसं पान कोरलं होतं.

त्या रात्री चष्मा आईनं काढू दिला नव्हता. सकाळपर्यंत तो तिच्या डोळ्यांवरच होता.