गोगलगाईची बारा हजार पावलं

टुप्.

दुपारच्या सामसूम घरात पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज झाला. थेंब नव्हताच तो. मोबाइलमधलं अ‍ॅप होतं — उठा, पाणी प्या. तिने शिलाई मशीनवरचे पाय थांबवले, पेलाभर पाणी घटाघटा प्यायलं आणि हळूच यादी उघडली. आज वस्तीत सगळ्यात जास्त कोण चाललं?

पहिली — गोगलगाय, बारा हजार चारशे. दुसरी — मधमाशी, बारा हजार पासष्ट.

मधमाशी म्हणजे ती स्वतः; अ‍ॅपवर सगळ्यांची अशीच टोपणनावं होती.

"बसून काम करता, साखर काठावर आलीय, चाला," असं डॉक्टरांनी बजावल्यावर तिने हे अ‍ॅप घेतलं. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ती आणि सहा वर्षांची लेक, दोघीच. आजारी पडायची चैन तिला परवडणारी नव्हती. पण तीन आठवड्यांत साखर राहिली बाजूला, भलतीच उत्सुकता मागे लागली. ही गोगलगाय आहे तरी कोण? आणि रोज एवढ्याशाच फरकाने पुढे कशी?

एकदा न राहवून तिने लिहिलंच, "गोगलगाय एवढी पळते?"

"मधमाशी मागे लागली की पळावंच लागतं."

"मी चावत नाही."

"असं सगळ्याच मधमाश्या म्हणतात..."

ती एकटीच हसली आणि टाचणी बोटात घुसली.

मग रोजच असं काहीबाही सुरू झालं. आणि एका मंगळवारी घोळ उघडा पडला. मशीनचा पट्टा तुटला म्हणून तिने दिवसभर हातशिलाई केली. संध्याकाळी बघते तर पावलं — सातशे.

ती चाटच पडली. म्हणजे इतके दिवस खिशातला मोबाइल मशीनवर मारलेले पायच मोजत होता? ती चाललीच नव्हती... जागच्या जागी बसून बारा हजार!

नेमका तेव्हाच निरोप आला. "आज बरं नाही का? बरं असेल तर उद्या सकाळी बागेत या. एवढं चालणारं माणूस बघायचंय मला."

खरं सांगितलं तर हे बोलणं संपणार. नाही सांगितलं तर सुरुवातच खोट्याने. आणि 'बरं नाही का' असं तिला कोणी विचारून किती दिवस झाले होते...

सकाळी लेकीला तिच्या छोट्या सायकलवर पुढे घालून ती बागेत पोचली. फाटकाशी एक उंच माणूस उभा होता. केसांत लाकडाचं एक कुरळं सालपट अडकलेलं.

"गोगलगाय," तो म्हणाला. "तसा सुतार."

"मधमाशी. तशी शिलाई करते."

दोघं चालू लागली. अर्धी फेरीही झाली नसेल, तिला धाप लागली. नवल म्हणजे त्यालाही. दोघंही बाक दिसताच त्यावर टेकली.

"एक सांगायचंय," ती पायांकडे बघत म्हणाली. "माझी पावलं खोटी आहेत. मशीनची आहेत ती."

मग त्याने शर्टाच्या खिशातला मोबाइल काढून बाकावर ठेवला.

"माझी रंध्याची. फळी तासताना अंग मागेपुढे होतं ना... पहिल्याच सुट्टीला कळलं मला. काम बंद, पावलं तीनशे."

"मग बोलला का नाहीत?"

"अ‍ॅप काढूनच टाकणार होतो. तेवढ्यात तुमचा निरोप आला. मागे पडलो असतो तर तुम्ही परत कशाला लिहिलं असतं? नको त्या फळ्यासुद्धा तासतोय मी. एक तर इतकी पातळ झालीय, पलीकडचं दिसेल."

तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"आता खरंच चालू या का?" त्याने विचारलं. "आज या बाकापर्यंत जमलं, उद्या पुढच्या. मला तुमच्याबरोबर चालायचंय... आकडा कितीही येऊ दे."

हात पुढे करून तिने त्याच्या केसांतलं ते सालपट अलगद काढलं. त्याचे कान लाल झाले.

"घरी चला," ती म्हणाली. "चहा घेऊ. माझा बिनसाखरेचा."

लेकीने ते ऐकून बाकाशी सायकल करकचून थांबवली. त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग आईकडे वळली.

"आई, आपल्याकडे तर दोनच खुर्च्या आहेत. हे रोज येणार असतील तर बसणार कुठे?"