सहाव्या वाटीतली मोहरी

वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते... पण त्या खोलीत मी स्वतः होते.

२०२३ चा नोव्हेंबर. बुधवार, दुपारचे चार. परळमधला आमचा गाळा.

आमचा म्हणजे माझा आणि नूपुरचा. मी लालबागची, ती दादरची. दोघी डिझाइनर, कॉलेजपासून एकत्र.

नूपुरने मसाल्याचा डबा केला होता. सात वाट्यांत मोहरी, प्रत्येकीखाली छोटी मोटर. एकेक वाटी एकेका फोनला जोडलेली. फोन इंटरनेट ओढू लागला की त्याच्या वाटीतली मोहरी तडतड उडायची. एरवी न दिसणारं नेट डोळ्यांना दिसायचं.

सहावी वाटी माझ्या फोनची.

प्रदर्शनासाठी तिचा डबा निवडला गेला. त्याच प्रदर्शनासाठी मी केलेला दिवा मात्र परत आला.

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. तोंडाने "मस्त गं" म्हटलं आणि घरी जाऊन जळत बसले. तिचं काहीतरी बिघडावं, असंही मनात आलं.

दुसऱ्याच दिवशी नूपुर तापाने फणफणली.

बुधवारी ती तशीच आली. हसत म्हणाली, आईने सकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. ती मोहरी जाळायची असते. पण वाट्यांना कमी पडत होती, म्हणून हिने मीठ चाळून तीच आणली आणि सगळ्या वाट्यांत थोडी थोडी घातली.

तपासायला आम्ही सगळे फोन बंद केले.

बाकीच्या वाट्या गप्प झाल्या.

सहावी...

तड.

"दर्शू, तुझा फोन ऑफ आहे ना?"

होता. माझ्या हातातच होता.

नूपुरने राउटर काढला. मग डब्याची वायर उपटली.

तड... तड...

दाणे वाटीबाहेर पडू लागले. टेबलावरून घरंगळत... माझ्याच बाजूला.

तिने फोन चालू करून आईला लावला आणि सगळं सांगितलं. सुनेत्राकाकू ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कुणाच्या वाटीत उडतेय?"

नूपुरने माझ्याकडे बघितलं.

"कुणाच्याच नाही, आई. ती वाटी कुठल्याच फोनला जोडलेली नाही."

काकूंनी सांगितल्यावर तिने सगळी मोहरी चहाच्या शेगडीवर जाळली. संध्याकाळी ताप उतरला.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. मला माफी मागता आली असती. मी मागितली नाही.

आज सकाळी तिचा मेसेज आला, मोठं काम मिळालंय. मी अभिनंदन लिहिलं. अगदी मनापासून, असं स्वतःला बजावत.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. गॅस बंद होता.

मोहरीच्या बरणीतून...

तड.

तेव्हापासून फोन हातात धरून बसलेय. तिला बरं आहे ना, एवढंच विचारायचंय. हिंमत होत नाही.