दाणेदार फरशी

शके १९४५ च्या आश्विनात, म्हणजे इसवी सन २०२३ च्या ऑक्टोबरात, बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा या गावी, स्टेशनच्या अलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या चिंतामण पाठक यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला: परसातल्या वाटेला कोणती फरशी बसवावी? प्रश्न ऐकायला किरकोळ आहे. परंतु त्या महिन्यात पाठकांच्या घरी त्याहून मोठा प्रश्न दुसरा नव्हता.

मागच्या पडवीपासून निघून कुंपणाजवळच्या कडुनिंबाखालील दगडी बाकापर्यंत जाणारी ती वाट पाठकांच्या वडिलांनी शहाबादी फरशीची केली होती. वर्षानुवर्षांच्या पायांनी ती फरशी गुळगुळीत झाली होती आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळाची साय धरत असे. भाद्रपदात एका सकाळी पाठकांच्या पत्नी स्नेहलताबाई तिथे घसरल्या आणि त्यांचा डावा खुबा मोडला. अकोल्याला शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसली, टाके सुकले. डॉक्टरांनी घरी पाठवताना स्पष्ट सांगितले की हाडाने आपले काम केले आहे, आता पायाने करायचे आहे. दिवाळीपर्यंत बाई रोज चालू लागल्या नाहीत, तर पुढे त्या चालतील याची हमी नाही.

ज्या बाईंनी कन्याशाळेत आयुष्यभर उभ्याने शिकवले, त्या आता पलंगावरून उठेनात. वॉकर धरून उभ्या राहत, पायाखालच्या चकचकीत लादीकडे पाहत आणि पुन्हा बसत. घरातल्या घरात फिरणे म्हणजे कोंडवाड्यातले फिरणे, असे त्यांचे म्हणणे होते. परसात जाईन, पण त्या फरशीवर पाय ठेवणार नाही, एवढे त्यांनी एकदा सांगितले आणि त्यानंतर या विषयावर बोलणेच सोडले.

पाठक दिवाणी न्यायालयाचे निवृत्त अधीक्षक. पुराव्यावाचून काही मानू नये आणि पटल्यावाचून वाद सोडू नये, ही त्यांची दोन व्रते. स्टेशन रोडवरच्या अब्दुल गनी यांच्या फरशीच्या दुकानात ते गेले ते घरून साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन. कोटा, कडप्पा, चौकडीची सिमेंटची फरशी, पार्किंगला वापरतात ती जाड फरशी, असे एकेक नमुने त्यांनी जमिनीवर मांडले, त्यांवर साबणाचे पाणी ओतले आणि धोतर सावरून अनवाणी पायांनी त्यांवर उभे राहून पाहिले. दुकानातली गिऱ्हाइके आपला सौदा विसरून हा प्रकार बघत राहिली.

"साहेब," गनी म्हणाले, "वीस वर्सं झाले दुकान टाकून. फरशीची उलटतपासणी घेणारा माणूस आजच पाह्यला."

पाठकांना विनोद कळला, पण त्यांनी तो कामकाजात नोंदवून घेतला नाही. अखेरीस त्यांनी राखी रंगाची, अंगावर ज्वारीच्या कण्यांसारखे दाणे असलेली फरशी पसंत केली. गनींचा सल्ला वेगळा होता. एवढा खरखरीत माल गाड्या उभ्या करायला ठीक, बाईमाणसाच्या तळपायाला बोचेल, असे त्यांचे मत. पाठकांनी उत्तर दिले की बोचणे आणि घसरणे यांत निवड करायची असेल तर शहाणा माणूस बोचणे पत्करतो. गनी हसले आणि माल टेम्पोत भरवला.

बसवायला दयाराम मिस्त्री आले. नांदुऱ्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वाट टिकवायची तर खाली दगडाचा भक्कम थर हवा. जुनी शहाबादी उखडून कडेला रचलेली होतीच. पाठकांनी ती फोडून खाली भरायला सांगितली. बाहेरून दगड कशाला आणायचा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

दयारामांनी घण उचलला नाही. जुनी फरशी उलटी करून बसवा, असे ते म्हणाले. पाठ कोरीच असते, घसरायची नाही. तसे नको असेल तर कोणाच्या गोठ्याला देऊन टाका.

"काऊन? फोडायला काय हरकत आहे?" पाठकांनी विचारले.

"चालती फरशी हाये, साहेब. जिच्यावर माणसं चालले, तिले पुरत नसतात."

पाठकांनी कारण विचारले. दयारामांना कारण सांगता येईना. त्यांच्या बापाने कधी पुरली नव्हती, आज्यानेही पुरली नव्हती, इतकेच त्यांना ठाऊक होते. बापाने न करणे हे कारण होत नाही, हे पाठकांनी त्यांना सविस्तर समजावले. वाद पाठक जिंकले. दयारामांनी फरशी फोडली, पण फोडताना प्रत्येक तुकडा पालथा करून खाली टाकला आणि त्या दिवशी पाठकांच्या घरचा चहा घेतला नाही.

वाट झाली. सांधे पक्के होईपर्यंत तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नव्हता. पडवीच्या तोंडाशी दोरी बांधली, परसाचे दार कुलपात ठेवले आणि पाठक सकाळ-संध्याकाळ दोरीच्या अलीकडून पाइपाने पाणी मारू लागले. स्नेहलताबाईंचा पलंग परसाकडच्या खिडकीशी होता. त्यांना ते रोज सांगत की आता थोडेच दिवस.

अशाच एका सकाळी पाणी मारताना पडवीलगतच्या पहिल्या फरशीवर त्यांना ओल वेगळी दिसली. सगळीकडे पाणी दाण्यांत अडकून राहत होते. एका जागी मात्र ते सरळ वाहून जात होते. ते वाकले आणि त्यांनी तळवा फिरवला. तेवढ्या जागी दाणे नव्हते. वापरातल्या पाट्यासारखा सपाट, थोडासा खोलगट असा तो डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा होता, अरुंद आणि लांबट, काहीतरी ओढत नेल्यासारखा.

प्रथम त्यांनी दोष पाण्याला दिला. हा सारा पट्टा खाऱ्या पाण्याचा. इथल्या भिंतींना लोणा लागतो, विटांचे पापुद्रे सुटतात. पण हे अनुमान त्यांनाच टिकवता आले नाही. लोणा पृष्ठभाग फोडतो, उकरतो. तो घासून गुळगुळीत करत नाही. मग दोष मालाला दिला. उरलेली एक फरशी त्यांनी विटेच्या तुकड्याने दंड दुखेपर्यंत घासली. वीट झिजली. फरशीचे दाणे जसेच्या तसे राहिले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या फरशीवरही तेच डाग होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याही पुढच्या फरशीवर. उजवीकडे पूर्ण तळव्याएवढा, डावीकडे लांबट. वाट आपल्या मनाने जुनी होत चालली होती आणि ती एका चालीने, एका दिशेने जुनी होत होती.

पाठकांनी हे घरात सांगितले नाही. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पडवीत खुर्ची टाकली. ज्या फरशीची पाळी होती ती त्यांनी आधी हाताने तपासली; दाणे कोरे होते. मग ते बसून राहिले. ऑक्टोबरचे ऊन होते. कापसाच्या जिनिंगकडून सरकीचा उग्र वास येत होता. मालगाडी गेली तेव्हा पडवीचे पत्रे थरथरले आणि पुन्हा स्वस्थ झाले. परसात पान हलले नाही. त्यांनी डोळे मिटले नाहीत, पेपर उघडला नाही, पाण्यालाही उठले नाहीत.

आतून स्नेहलताबाईंचा आवाज आला. "अहो, मागे कोण चालतंय?"

कोणी नाही, असे पाठकांनी सांगितले. मी इथेच बसलो आहे.

पाठकांची नजर फरशीवरच होती. मग त्या म्हणाल्या, "पाय ओढतंय बिचारं."

पाठक उठले, दोरीखालून वाकले आणि त्यांनी त्या फरशीवर हात ठेवला. ती गुळगुळीत होती. बाकीची फरशी उन्हाने पोळत होती, तेवढी जागा मात्र कोमट लागली. माणूस नुकताच उठून गेलेल्या आसनासारखी.

त्यानंतर त्यांनी आपल्या पत्नीचे पाय पाहिले. पांघरूण सारखे करायचे निमित्त केले आणि पाहिले. तळवे स्वच्छ होते, मऊ होते; बिछान्यात पडून असलेल्या माणसाचे असतात तसे.

त्यांनी गनींना निरोप पाठवला. माल सदोष असल्याची तक्रार आहे, येऊन पाहावे. गनी सकाळीच आले, कारण विकलेल्या मालाच्या मागे उभे राहणे हा त्यांचा रिवाज होता. परसात शिरताना त्यांनी जोडे काढले. पहिल्या फरशीशी ते गुडघ्यांवर बसले आणि तळवा फिरवला, मग दुसरीशी, मग तिसरीशी. बाकाच्या अलीकडे, कडुनिंबाची सावली जिथे सुरू होते तिथल्या फरशीवर ते बराच वेळ बसून राहिले. तिथे डाग मागे-पुढे नव्हते. दोन पावले जुळवून कोणी पुष्कळ काळ उभे राहावे, तसे ते शेजारी-शेजारी होते आणि बोट बुडेल एवढे खोल होते. त्याच्या पलीकडची फरशी दुकानातून आली तशीच कोरी होती.

"माल खराब नाही, साहेब," गनी हळू म्हणाले. "ह्याच्यावर माणूस चालला हाये. एक दिवस नाही, लय वर्स."

पाठकांनी सांगितले की वाट बसून महिना झालेला नाही आणि तिच्यावर मुंगीखेरीज कोणी चाललेले नाही.

"मले माहीत हाये. मीच देल्ली ना." गनींनी मागे वळून पडवीपर्यंत नजर टाकली. "अजून एक सांगू? माणूस जाते अन् येते, म्हणून दोन्हीकून झिजते. हे पाहा, टाच उथळ, बोटं खोल. सगळे पायं झाडाकडे. वापस येणारं पाऊल एक बी नाही."

पाठकांनी वाकून टाच आणि बोटे हाताने ताडून पाहिली.

"उखडून टाका," गनी म्हणाले. "दुसरा माल मी देतो. पैशाचं नाव काढू नका."

पाठकांनी आयुष्यात पहिल्यांदा कारण विचारले नाही. त्यांनी तेव्हाच दयारामांना बोलावणे धाडले. दयाराम सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले. त्यांनी वाटेकडे, खाली काय पुरले आहे ते आठवावे तसे, एकदा पाहिले, पाठकांकडे पाहिले नाही. पहिल्या फरशीच्या सांध्यात त्यांनी सब्बल रोवली.

"थांबवा ते."

स्नेहलताबाई पडवीच्या दारात उभ्या होत्या. हातात वॉकर नव्हता. एक हात चौकटीवर होता, तोही त्यांनी सोडला.

पाठक पुढे झाले. आत चल, असे त्यांना म्हणायचे होते. पण पलंगावरून त्या स्वतः उठल्या होत्या, पलंगापासून दारापर्यंत स्वतः आल्या होत्या. याच एका गोष्टीसाठी पाठकांनी देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी ठेवले होते. आज अडवले, तर त्या पुन्हा उठतील का? पाठकांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मला चालायचंय," स्नेहलताबाई म्हणाल्या.

दयारामांनी सब्बल काढून घेतली. पाठकांनी दोरी सोडली.

स्नेहलताबाईंनी उजवा पाय ठेवला, मग डावा ओढून घेतला. खाली त्यांनी पाहिले नाही. उजवा तळवा डागावर बसला, डावा लांबट रेघेतून सरकत पुढे आला. जराही डगमग नव्हती. घरातल्या लादीवर दोन पावलांना घाम फुटणारी बाई जन्मभर पायाखालची असावी तशी ती वाट चालत होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. पाठकांना आनंद झाला हे नाकारता येणार नाही. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी ते प्रत्येक पाऊल डागावर बसताना पाहत होते.

ते बाजूच्या मातीतून त्यांच्याबरोबर चालत राहिले.

सावली सुरू होते तिथे त्या थांबल्या. दोन्ही पाय शेजारी-शेजारी आले आणि त्या खोलगट जागांत बसले. बसले ते असे की कडेने गवताची काडीही आत गेली नसती.

गनींनी टोपी सारखी केली आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटले.

छान चाललीस, असे पाठक म्हणाले. आज एवढे पुरे, आता परत फिरू या, उद्या बाकापर्यंत जाऊ. त्यांनी स्नेहलताबाईंच्या कोपराला हात दिला. कोपर थंड नव्हते, ताठ नव्हते. फक्त ते हलले नाही.

स्नेहलताबाईंनी मान वळवून, आल्या त्या वाटेकडे पाहिले. घराकडे त्यांनी पाहिले नाही. फरशीकडे पाहिले, एकेक करून, पडवीपर्यंत. शाळेत पाटी तपासताना त्या पाहत तसेच.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "ही वाट फक्त जायची झाली आहे."