लालसिंगाचा कोरडा तांदूळ

आर्णी ठाण्याच्या टेबलावर सकाळीच पाच द्रोण येऊन बसले. पळसाच्या पानांचे, काडीनं टोचलेले. प्रत्येकात चावून थुंकलेला तांदूळ. द्रोणांमागून एक बांधलेला माणूस आला आणि माणसामागून बोरखडीचे सरपंच भगवानराव.

"हा पुरावा," भगवानराव म्हणाले, "आणि हा आरोपी."

ठाणेदार घनश्याम देवतळ्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. त्यांच्या नोकरीत ठाण्याच्या पाटीवर तीन राज्यांची नावं लिहून झाली होती. मध्यप्रदेश गेलं, मुंबई गेली, आता महाराष्ट्र होता. थुंकून आणलेला पुरावा मात्र तिन्ही राज्यांत पहिलाच.

खून आदल्या दिवशी उघडकीस आला होता. बोरखडीला लागून असलेल्या तांड्यातला रामधन त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पडला होता, डोकं फुटलेलं. पंचनामा झाला, प्रेत यवतमाळला गेलं. संध्याकाळी गावानं स्वतःचा तपास केला. त्याचा निकाल आता टेबलावर मांडला होता.

"खुनाच्या रात्री कापसाच्या जागलीवर, राखणीला, पाच माणसं होती," भगवानराव सांगू लागले. "पाचही जणांना मारुतीच्या पारावर बसवलं. मूठ मूठ कोरडा तांदूळ चावायला दिला. ज्याच्या मनात पाप, त्याचं तोंड सुकतं. जुनी रीत आहे. पाचांत मीही होतो, म्हणून आधी मीच चावला. हा पहिला द्रोण माझा."

पहिल्या द्रोणातला तांदूळ भिजून लगदा झाला होता. रंग जरा तपकिरी. देवतळ्यांनी वास घेतला. आंबूस होता. लगद्यात एक बारीक, चिवट तंतू अडकला होता. त्यांनी तो द्रोण खिडकीत ठेवला.

"आणि हा?"

"हा लालसिंगाचा."

शेवटच्या द्रोणातले दाणे जसेच्या तसे होते. चावून फुटलेले, पण कोरडे ठणठणीत. पिठासारखे.

देवतळे बांधलेल्या माणसाकडे वळले. "लालसिंग, तू मारलंस रामधनला?"

"मारलं असन साहेब."

"असन म्हणजे?"

"मले याद नाही. बजारात बैलावरून भांडन झालतं आमचं. पन तांदूळ कायले खोटं बोलन? मीच मारलं असन. पानी द्या."

त्यानं तांब्या एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला. दुसराही संपला. त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास होता. शिपाई रामसिंग कानाशी लागला, "साहेब, दारू हाणून आला लेकाचा."

"जीभ काढ," देवतळे म्हणाले.

जीभ बाहेर आली. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकून भेगाळतो, तशी. लाल, चरे पडलेली. दोन तांबे पाणी आत्ताच तिच्यावरून गेलं होतं, पण तिला त्याची खबर नव्हती.

"कबुलीजबाब लिहून घ्या," भगवानराव म्हणाले. "आम्ही पंच आहोतच."

"घेतो. आधी दवाखान्यात नेतो. शुद्धीत असल्याचा दाखला नसेल तर कोर्ट माझीच जीभ बाहेर काढायला लावेल."

दवाखान्याच्या ओट्यावर लालसिंगाची बायको मोतीबाई आधीच येऊन बसली होती. डॉक्टरांना त्याचं दुखणं सांगायला तांड्यापासून चालत आली होती. नवऱ्याच्या हातातला दोर पाहून ती उठली, त्याच्याशी गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, काही बोलली आणि मग ठाणेदारांकडे वळली.

"साहेब, त्याले रातभर पानी लागते. दिवाळीपासून. पायात काटा रुतला तो बी भरून नाही राह्यला. काल पारावर मी म्हटलं, आधी घोटभर पानी द्या त्याले, मंग तांदूळ द्या. तं सरपंच म्हने, पानी देलं तं परीक्षा कायची? फाशी होते का साहेब त्याले?"

"कबूल झाला आहे तो, बाई."

"तो तं आता काहीही कबूल होते. काल मले आई म्हनला."

डॉक्टर सत्यशीलाबाईंनी लालसिंगाची जीभ बराच वेळ पाहिली. डॉक्टर लोक जीभ पाहतात ती आपली एक रीत, चौकशीआधी आपण नाव विचारतो तशी, असा देवतळ्यांचा आजवरचा समज होता.

"धोतरा दिला असेल का कोणी?" ठाणेदारांनी विचारलं. "धोतऱ्यानं तोंड सुकतं."

"सुकतं. पण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. याच्या तशा नाहीत. आणि धोतरा महिनोन्‌महिने तहान लावत नाही." बाईंनी बोटानं जीभ दाबून पाहिली. "रक्त कमी असेल तर जीभ पांढरी, गुळगुळीत होते. नुसत्या ज्वारीवर दिवस काढले तर लालभडक होऊन सोलवटते. पोटाचं, रक्ताचं सगळं दुखणं आधी इथं येऊन हजेरी लावतं. ही जीभ तहानेची आहे. याची लघवी आणा."

नळीत निळं औषध होतं. त्यात थेंब पडले, नळी स्पिरीटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी पक्क्या विटेचा रंग आला.

"मधुमेह," बाई म्हणाल्या. "पराकोटीचा. तोंडाचा वास दारूचा नाही, याच आजाराचा. डोक्यापर्यंत चढलंय, म्हणून हा बरळतोय. इंजेक्शन यवतमाळला मिळेल. आत्ता निघालात तर वाचेलही. पायाचं मात्र सांगत नाही."

"म्हणजे हा निर्दोष?"

"ते माझी नळी सांगत नाही. त्याचं तोंड पापानं नाही, साखरेनं सुकलं, एवढंच ती सांगते. खून कोणी केला ते तुम्ही शोधायचं."

देवतळ्यांनी दोर सोडला. जीप यवतमाळच्या वाटेला लागली. मागं लालसिंग आडवा, उशाशी मोतीबाई आणि मांडीवर पाण्याची घागर. सरकारी कागदावर तो अजून खुनी होता. वाचला तर फासावर जायला मोकळा.

देवतळे मोटारसायकलवरून बोरखडीला गेले. पारावर कोतवाल डोमाजी ऊन खात बसला होता. गावातली प्रत्येक दवंडी त्याच्या गळ्यातून गेली होती, त्यामुळं कोणतीही गोष्ट त्याच्या पोटात राहत नसे.

"डोमाजी, तांदळाची गोष्ट कोणी काढली?"

"कोन काढते साहेब? सरपंचानं. पुजारी तं म्हने, मारुतीच्या पायावर हात ठेवून किरिया घ्या, झालं. सरपंच म्हने, किरिया कोनीही खोटी घेते. तांदूळ पाह्यजे."

"आधी कधी झालं होतं हे गावात?"

"माह्या बापाच्या वेळी झालतं म्हन्तात. मी नाही पाह्यलं."

"सरपंचांनी तांदूळ चावण्याआधी काही खाल्लं?"

डोमाजी आठवू लागला. "खाल्लं नाही काही. पन गालात काहीतरी होतं. मी म्हटलं, बाप्पा, सुपारी हाय का, मले बी द्या. तं वसकन अंगावर आले."

"रामधनचं कोणाशी वाकडं होतं?"

"कोनाशीच नाही. गरीब मानूस. आज मोजनीवाले येनार होते त्याच्या वावरात. तो अन् सरपंच धुरेकरी ना. रामधन म्हने, सरपंचाचं औत दरसाली माह्या वावरात सरकते. पन माह्या आज्यानं हद्दीवर पुरलेला फुलीचा दगड मले मालूम हाय, मोजनीच्या दिवशी काढून दाखवतो."

"दाखवला?"

"मेलेला मानूस काय दाखवते?"

देवतळे धुऱ्यावर गेले. पंचनाम्याच्या वेळी एक खड्डा दिसला होता, त्यांनी तो उंदराच्या खात्यावर टाकला होता. आता बसून पाहिला. कडा सरळ, चौकोनी. उंदीर इतका नेमका खणत नाही.

सरपंचांच्या घरी त्यांची पत्नी बेबीताई होती. ठाणेदार आले म्हणून तिनं चहा टाकला. "बिनसाखरेचाच हाय भाऊ, चालन का? मामाजी गेल्यापासून आमच्या घरी साखरेचा धाकच बसला."

"काय झालं होतं त्यांना?"

"साखरेचा आजार. शेवटी जीभ लाकडावानी झालती त्याइची. घास गियता येत नव्हता. बसत त्या जागी मुंग्यांची रांग लागे. याइनंच सगळं केलं बापाचं." ती सहज बोलत होती. "आता आमचा सालदार लालसिंग. गोठ्यामागं त्याच्या बी जागेवर मुंग्या. हे मले पोळ्यालेच म्हनलेते, लालसिंगाचं आबावानी सुरू झालं म्हून. मी म्हटलं, सांगा ना त्याले, दवाखान्यात जाईन. कोनाले सांगितलं काय माहीत. अन् आता पाहा, खुनी निघाला मेला."

देवतळ्यांनी चहा ठेवला. "पाणी मिळेल का?"

पाणी कोपऱ्यातल्या रांजणातलं होतं. रांजणाची लाकडी तिवई भिंतीला टेकून उभी होती, चांगली धडधाकट. रांजण मात्र खाली होता. त्याच्या बुडाभोवती ओल्या मातीचं नवं लिंपण.

"तिवई मोडली का?"

"कायची मोडते! काल पहाटे उठून पाह्यते तं हे दगडावर रांजन बसवून राह्यलेते. आतापर्यंत कधी घरात तांब्या भरून घेतला नाही त्याइनं."

देवतळे पाणी प्यायले. थंडगार होतं.

दुपारी पारावर गाव जमलं. तिघे जागले एका ओळीत बसले, भगवानराव खुर्चीवर. लालसिंगाची जागा रिकामी.

देवतळ्यांनी खिशातून जाड लखोटा काढला. "सरपंच, यात पंचनामा आहे. वरिष्ठांकडे जायचा. गावातर्फे तुम्हीच बंद करा."

भगवानरावांनी लखोट्याच्या पट्टीवर जीभ फिरवली. दाबली. पट्टी उघडली. पुन्हा जीभ फिरवली, पुन्हा दाबली. पट्टी पुन्हा उभी राहिली. गावानं मान पुढं काढली.

"राहू द्या," देवतळे म्हणाले. "माझा असल्या परीक्षेवर विश्वास नाही. उन्हात बसलेल्या कुणाचंही तोंड सुकेल. गावाचा आहे, म्हणून दाखवलं. आता मी बोलतो.

"लालसिंगाच्या तोंडाला थुंकीच नाही. त्याला मधुमेह आहे. मारुतीच्या पायाचे तांदूळ द्या नाही तर शेंगदाणे द्या, ते कोरडेच निघतील. तेव्हा प्रश्न तांदूळ कोरडा का निघाला हा नाहीच. तो कोरडाच निघेल हे आधीपासून कोणाला माहीत होतं, हा आहे. शपथ घेऊ द्यायची नाही, तांदूळच पाहिजे, असा हट्ट कोणी धरला? पाण्याचा घोट कोणी अडवला? ज्यानं स्वतःच्या बापाची लाकडासारखी जीभ पाहिली होती, मुंग्यांची रांग पाहिली होती, आणि लालसिंगाच्या मुंग्या पाहून पोळ्यापासून गप्प बसला होता, त्यानं."

भगवानराव हसले. "मी पण चावला ना तांदूळ. सर्वांत ओला माझाच होता."

"होता. कारण गालात चिंच होती. तिचा तंतू तुमच्या द्रोणात आहे, ठाण्याच्या खिडकीत ठेवलाय. आपलं तोंड सुकणार याची खात्री तुम्हालाच होती. बाकी चौघांना सोय करावीशी वाटली नाही."

"चिंच खाल्ली म्हणून फाशी देता का?"

"नाही. फाशी तुमच्या रांजणाखाली आहे."

हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला.

रांजण रिकामा करायला दोन माणसं लागली. पाणी अंगणभर झालं. लिंपण फोडून दगड उलटा केला तेव्हा खालच्या अंगाला छिन्नीनं कोरलेली फुली होती. फुलीच्या चरांत काळं पडलेलं रक्त आणि दोन-चार केस.

"रामधन मोजणीआधी दगड जागेवर आहे ना ते पाहायला रात्री धुऱ्यावर आला," देवतळे म्हणाले. "तुम्ही तोच दगड उकरत होतात. दगड तुमच्या हातातच होता."

बेबीताई दारात उभी होती. "म्या पानी पेलं त्यावरचं," ती म्हणाली.

"टाकून का दिला नाही?" बेड्या घालताना रामसिंगनं न राहवून विचारलं.

"कुठं टाकू?" भगवानराव म्हणाले. "जिकडं टाकीन तिकडं कोणाचा तरी धुरा."

खटला यवतमाळला चालला. कोर्टानं भगवानरावांना जन्मठेप दिली आणि लालसिंग निर्दोष असल्याचं निकालात स्पष्ट लिहिलं. बोरखडीनं निकाल ऐकला. मान डोलावली. पण लालसिंगाच्या घरचा विस्तव कोणी मागायला गेलं नाही, आणि त्याला सालावर कोणी ठेवलं नाही. तांदूळ कोरडा निघाला होता ना, असं विहिरीवर बायका एकमेकींना हळूच विचारत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लालसिंग स्वतः गावात आला. यवतमाळच्या इंजेक्शनांनी जीव वाचला होता, पण डावा पाय घोट्यावर संपला होता. काखेत कुबडी. मागं मोतीबाई. तो पारावर बसला आणि डोमाजीला म्हणाला, "तांदूळ आन."

"कायले गा?"

"आन म्हन्तो ना."

देवतळे त्या दिवशी मोजणीच्या बंदोबस्ताला आले होते. ते पुढं झाले. "लालसिंग, कोर्टानं सोडलंय तुला. याची काही गरज नाही."

"तुमाले नाही साहेब. मले याच गावात राहाचं हाय."

गाव गोळा झालं. लालसिंगानं मूठभर तांदूळ तोंडात टाकला, सावकाश चावला आणि पानावर थुंकला. पांढरा, ओला लगदा. डोमाजीनं पान उचलून चारी बाजूंना फिरवून दाखवलं. पुजाऱ्यानं मान हलवली. कोणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

"आता खरं," डोमाजी म्हणाला.

न्यायाधीशांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलं होतं, ते गावाला एका थुंकीत पटलं. दोघं-तिघं पुढं येऊन लालसिंगाच्या पाठीवर हात ठेवून गेले. पायाकडं कोणी पाहिलं नाही.

मोतीबाईनं तांब्या पुढं केला. "पानी पे."

लालसिंगानं ओठांवरून जीभ फिरवली.

"तहान नाही मले," तो म्हणाला आणि कुबडी शोधू लागला.